बाराव्या थैलीचा टाका

१

बारावी थैली उघडली आणि तिच्यातून कोरी कार्डं निघाली.

मालकांनी थैली उलटी केली, झटकली, आत हात घालून कोपरे चाचपले. एकाही कार्डावर शाईचा ठिपका नव्हता.

"हा काय चावटपणा आहे?" मालक ओरडले. ते ओरडले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. एरवी मला हसू आलं असतं.

टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. छापखान्याचे मालक, पुस्तकं बांधणारे खळकाका, थैली घेऊन आलेला अण्णांचा भाचा आणि मी. मी इथे मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढून पोट भरते म्हणा ना. एका जागी बसून मला वाचता येत नाही. कागद हातात धरून खोलीभर फिरत वाचते, म्हणून सगळे मला भिंगरी म्हणतात. खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

आता ही थैली काय प्रकार आहे ते सांगते. अण्णा म्हणजे निवृत्त शिक्षक. अठ्ठावीस वर्षं ते कारखाने, शिवणवर्ग, सुतारांच्या पडव्या पालथ्या घालत हिंडले आणि कामकरी माणसांच्या तोंडचे इंग्रजी शब्द गोळा करत राहिले. बॉबीन, स्पॅनर, हेम, थिंबल. माणसं हे शब्द रोज वापरतात, पण ते आले कुठून हे कुणी विचारत नाही. अण्णांनी विचारलं. एका शब्दाला एक कार्ड, एका धंद्याला एक थैली. असा अठरा थैल्यांचा कोश आमच्याकडे छापायला येत होता.

अण्णांचा कुलपावर मुळीच विश्वास नाही. ते म्हणायचे, "कुलपाला दुसरी किल्ली निघते. टाक्याला दुसरा हात निघत नाही." म्हणून प्रत्येक थैली कॅनव्हासची, आणि तिचं तोंड मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेलं. शिवायची त्यांची मुलगी, जिला सगळं गाव ताई म्हणतं. ती शिवणवर्ग चालवते. थैली आली की मालकांनी टाके तपासायचे, शाबूत असले तरच कापायचे, असा रिवाज पडला होता. अकरा थैल्या अशाच सुखरूप आल्या. बारावीत शिवणकामाचे शब्द होते.

"टाके तर शाबूत होते," खळकाका म्हणाले. "मी पाहिले ना."

"दोराही ताईच्याच पेटीतला," भाचा हळूच म्हणाला. "म्हणजे शिवतानाच आत कोरी कार्डं होती. आणि शिवली ताईनं."

पुढचं वाक्य उघड होतं. मागच्या महिन्यात ताई याच टेबलाशी उभी राहून मालकांना म्हणाली होती, "अण्णांना आता पुरे करा म्हणा हो. त्यांना झेपत नाही." तेव्हा आम्हाला ती काळजी वाटली होती. आता तेच वाक्य दुसऱ्या उजेडात दिसायला लागलं.

भाच्याने अण्णांना फोन लावला. पाच मिनिटं तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे चमकत होते.

"उद्या चार वाजता मालकांना घेऊन ये म्हणाले. उरलेल्या सहा थैल्या आणि कोशाचं सगळं काम माझ्या नावावर लिहून देणार आहेत." तो जरा थांबला. "ताईचा हात यापुढे माझ्या कागदाला लागता कामा नये, म्हणाले."

मी ती रिकामी थैली काखोटीला मारली आणि बाहेर पडले.

२

अण्णांचं घर छापखान्यापासून दहा मिनिटांवर आहे. मी सहा मिनिटांत पोचले.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वर्षभरापूर्वीच्या आजारपणानंतर त्यांची सगळी हालचाल त्या खुर्चीभोवतीच असते. हातात काही नव्हतं, तरी उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या हाताने सारखा चोळत होते.

"आलीस भिंगरी? चहा घेतलास?"

"घेतला, अण्णा."

"कुंपणानंच शेत खाल्लं बघ." ते अंगठा चोळतच म्हणाले. "बाहेरच्यानं नेलं असतं तर ओरडलो असतो. घरच्यावर ओरडायचं तरी कसं?"

"ताईनंच नेलं हे कशावरून?"

"टाक्यावरून! दुसरं कुणी उघडलं असतं तर टाका बोलला असता." ते खुर्चीत डावीकडे सरकले, मग उजवीकडे. "ही गादी पण मेली आज टोचतेय. कुणी काही धड ठेवत नाही या घरात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चहा घेतलास का तू?"

मी पुन्हा हो म्हटलं. संतापलेल्या माणसाला काय विचारलं ते आठवत नाही, असं मी समजले. चुका शोधणं हे माझं काम, आणि ही सर्वांत मोठी चूक माझ्या समोर असून मी ती वाचली नाही.

आतल्या खोलीत ताई मशीनपाशी बसली होती. मशीन बंद होतं. समोर एका परकराचा घेर पसरलेला, आणि ती हाताने त्याची दुमड शिवत होती. मधल्या बोटावर टोपीसारखं पितळेचं अंगुस्तान. डोळे सुजलेले, पण टाके एकसारखे पडत होते.

"मावशी, तुम्हाला पण वाटतं का मी नेली?"

"मला काय वाटतं ते सोड. कधी शिवलीस, कुठे शिवलीस ते सांग."

"सोमवारी दुपारी. त्यांच्यासमोर. कार्डं त्यांनीच हातानं भरली, मी तोंड शिवलं. थैली त्यांच्या खुर्चीजवळ ठेवली. मंगळवारी मी दिवसभर वर्गावर होते, घरी ते एकटेच. आज सकाळी आतेभाऊ आला आणि घेऊन गेला."

"मग मंगळवारी कुणी आलं होतं?"

"अण्णा म्हणतात कुणी नाही. शेजारच्या काकूही म्हणतात कुणी नाही, आणि त्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही."

मी तिच्या पुढ्यात थैली टाकली. मालकांनी टाके कापले होते, पण दोऱ्याचे तुकडे भोकांत तसेच होते. तिने थैली उचलली, नावाची चिठ्ठी आपल्याकडे केली आणि तोंडावरून बोट फिरवलं. बोट एका टोकाशी अडलं.

"गाठ इथे कशी?"

"कुठे असायला हवी?"

"उजवीकडे." ती ताडकन उठली आणि दारामागे अडकवलेल्या, रिकाम्या होऊन परत आलेल्या थैल्या घेऊन आली. एकेक माझ्यासमोर टाकत गेली. "बघा. चिठ्ठी माझ्याकडे, सुरुवात उजवीकडून, तिथे गाठ. शेवट डावीकडे, तिथे दोन टाके एकावर एक. अकराच्या अकरा अशाच. आणि ही?"

बाराव्या थैलीची गाठ डाव्या टोकाला होती. शेवटचे दुहेरी टाके उजवीकडे.

"मागून शिवली असेल कुणी. थैली उलटी धरून."

"मग उलट्या टिपेची, म्हणजे मागे घेऊन घातलेल्या टाक्याची, सुलट बाजू मागे आली असती. ती चिठ्ठीच्या बाजूलाच आहे." ताईने थैली दोन्ही हातांनी छातीशी धरली. "मावशी, ही शिवण माझी नाही. माझी उसवून, त्याच भोकांतून कुणीतरी परत शिवलीय."

मी बाहेर जाऊन अण्णांना तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला फसवायला तिनंच उलटी शिवली असेल," ते म्हणाले. "हुशार आहे ती. माझीच मुलगी ना."

ताई दारात उभी होती. तिने ते ऐकलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला. तो आवाज ऐकत मला तिथे उभं राहवेना.

३

उजवीकडून डावीकडे शिवणारा हात उजवा. मग डावीकडून उजवीकडे शिवणारा हात कुठला, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. आणि आमच्यात डावखुरा एकच. अण्णांचा भाचा.

सगळं कसं चपखल बसत होतं. थैली त्यानेच आणली. कोश त्यालाच मिळणार. ताईवर बोट पहिल्यांदा त्यानेच दाखवलं. गुरुवारी सकाळी छापखान्यात पाऊल टाकलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला शिक्षासुद्धा ठोठावून बसले होते.

तो मागच्या खोलीत कोशाच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यावर वाकला होता. डाव्या हातात लाल पेन्सिल. मी त्याच्यासमोर सुई, दोरा आणि कॅनव्हासचा तुकडा ठेवला.

"शिव."

"काय?"

"चार टाके घाल. उलटी टीप."

त्याने माझ्याकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, आणि सगळं उमगून त्याचे कान लाल झाले. पण सुई त्याने उचलली. दोरा ओवायला लागला. दोऱ्याचं टोक चाटलं, पिळलं, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. नेढ्याच्या डावीकडून दोरा गेला, उजवीकडून गेला, नेढ्यातून काही गेला नाही. शेवटी मीच ओवून दिला. पहिल्याच टाक्याला सुई कॅनव्हासमध्ये अर्धी गेली आणि तिथेच बसली. त्याने जोर लावला तशी तिची मागची बाजू त्याच्या बोटात घुसली.

"आई गं!"

"आईच लावते वाटतं शर्टाची बटणं?"

"लावते. त्यात काय?" तो बोट चोखत म्हणाला. मग एकदम चिडून बोलला, "भिंगरीबाई, मला कोश हवाय. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी त्यांचं हस्ताक्षर लावतोय, मुखपृष्ठावर माझं नाव खाली बारीक अक्षरात तरी असावं असं वाटतं मला. पण शिवणकामाची कार्डं गायब करून मला काय मिळणार? बारावा भाग नसलेला कोश? आणि अण्णांना ती परत लिहिता येणार नाहीत. आजारपणानंतर त्यांना..." तो थांबला.

"त्यांना काय?"

"काही नाही. थकलेत."

त्याचं म्हणणं खरं होतं. ज्याला पीक हवं तो शेत पेटवत नाही. आणि ज्याला दोरा ओवता येत नाही तो कॅनव्हास शिवत नाही. माझा चपखल बसलेला चोर माझ्याच हातून सुटला. तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते.

४

उरले खळकाका. छापखान्यात आल्यावर थैली तासभर त्यांच्या खोलीत होती. दिवसभर त्यांचे हात कागद चिकटवायच्या खळीत बुडालेले असतात, म्हणून हे नाव. अण्णांनी त्यांचं बांधणीचं काम तीनदा परत पाठवलं होतं, आणि काकांनी तो राग लोणच्यासारखा जपून ठेवला होता.

"ये, ये. मला पकडायला आलीस ना?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "सकाळपासून पायऱ्या मोजतेयस. चपला तरी कुणाच्या झिजवतेस?"

"काका, तुम्हीही शिवता."

"शिवतो की. हे बघ, असं." त्यांनी टोच्या घेतला, पानांच्या घडीला आधी भोकं पाडली, मग सुई त्यातून नुसती सरकवली. "मी सुई ढकलत नाही. माझ्या कामात सुई कधी जोर खात नाही. या थैलीला टोच्याची भोकं दिसतात का तुला?"

नव्हती. सुईचीच होती. एकाच भोकातून दोन वेळा गेलेल्या सुईची, किंचित रुंदावलेली.

"मग हे डाग कसले?" मी विचारलं. तोंडाच्या शिवणीलगत, टाक्याटाक्याशी, फिकट तपकिरी पुसट ठिपके होते. कालपासून मी ते पाहत होते आणि ती खळ असावी असं धरून चालले होते.

काकांनी थैली उजेडात धरली. जिभेने बोट ओलं करून एका ठिपक्यावर घासलं. वास घेतला.

"खळ वाळली की पांढरी पडते. ही खळ नाही." पुन्हा वास घेतला. "कातडं आहे हे. जुनं, तेल प्यालेलं कातडं. कॅनव्हासवर घासलं की असा रंग सोडतं. बांधणीत मी आयुष्यभर कातडं हाताळलंय, मला नको शिकवू."

"मी कुठे शिकवतेय?"

"आणि एक सांगू?" काकांनी आता टोच्या खाली ठेवला. "त्या म्हाताऱ्यावर माझा राग आहे. पण त्याच्या पोरीनं त्याचं काही चोरलं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्या तोंडावर खळ ओतीन. तिनं स्वतःचा संसार केला नाही त्याच्यापायी. शोध काय ते. हिंडू नकोस नुसती."

पण हिंडल्याशिवाय मला सुचत नाही त्याला काय करू! मी छपाईच्या खिळ्यांच्या पेट्यांमधून, कागदाच्या थप्प्यांमधून, यंत्राला वळसा घालून फिरत राहिले. उलट्या दिशेचा टाका. डावखुरा नाही. टोच्या नाही. कातडं. शिवताना कातडं कुठे येतं? ताईचं अंगुस्तान पितळेचं. मंगळवारी घरात कुणी आलं नाही. मालक दोनदा ओरडले, "अगं बस की जरा!" तीन वाजून गेले.

तिसऱ्या फेरीला की तेराव्या, देव जाणे, मी नमुन्याच्या पानासमोरून गेले आणि परत मागे आले.

कोश कसा दिसेल हे ठरवायला दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक पान जुळवलं होतं. भिंतीवर लावलंय ते. त्यासाठी अण्णांनी शिवणकामाच्या कार्डांतलं एकच कार्ड आधी पाठवलं होतं. शब्द होता थिंबल.

पान मला पाठ होतं, कारण त्याचं मुद्रित मीच तपासलं. पण मूळ कार्डावरचा मजकूर पानापेक्षा जास्त होता, आणि ते कार्ड अजून माझ्या खणात होतं. मी धावत जाऊन खण उपसला.

५

कार्डावर अण्णांचं जुनं, आजारापूर्वीचं ठसठशीत अक्षर होतं.

'थिंबल. शिवताना सुई बोटात रुतू नये म्हणून घालायची टोपी. आपण अंगुस्तान म्हणतो. तो शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी बोट आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र अंगठा आहे. जुन्या इंग्रजीत अंगठ्याला जो शब्द होता, त्याला अवजार दाखवणारा प्रत्यय जोडून हा झाला. हातापासून हँडल झाला तसाच. टोपी पुढे धातूची झाली, बोटावर जाऊन बसली. नाव तेवढं अंगठ्याचं राहिलं.'

इथपर्यंत छापलं होतं. त्याखालच्या चार ओळींवर लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात भाच्याने लिहिलं होतं, 'वैयक्तिक. काढावे.' मी तेव्हा ते निमूटपणे काढलं होतं.

'माझे वडील तंबू शिवत. त्यांनी शेवटपर्यंत कातडी टोपी अंगठ्यातच घातली. कापड गुडघ्यांत धरून ते टाका अंगापासून बाहेर ढकलत नेत, त्यामुळे बोटाने शिवणारे जिथे संपवतात तिथून त्यांची सुरुवात होई. लहानपणी मीही तसाच शिकलो. त्यांची टोपी अजून माझ्यापाशी आहे.'

मी जागच्या जागी उभी राहिले. खळकाका मागाहून म्हणाले की त्यांना वाटलं मला चक्कर आली.

मग एकेक गोष्ट आपोआप पुढे येऊन उभी राहिली. चोळला जाणारा अंगठा. दोनदा विचारलेला चहा. घरात कुणी आलं नाही, कारण कुणी यायची गरजच नव्हती. आणि ती टोचणारी गादी!

चार वाजायला दहा मिनिटं होती. मालक आणि भाचा केव्हाच निघून गेले होते.

६

मी पोचले तेव्हा कागद तयार होता. अण्णांच्या मांडीवर पाटी, पाटीवर कागद, हातात पेन. मालक चष्मा पुसत होते. भाचा खिडकीबाहेर बघत होता. ताई कोपऱ्यात उरलेल्या सहा रिकाम्या थैल्यांची चळत घेऊन उभी होती, जणू तीच सगळं सोपवून चाललीय.

"अण्णा, थांबा," मी धापा टाकत म्हटलं. "सही करण्याआधी एक शब्द समजावून सांगा. तेवढाच अडलाय माझा."

शब्द अडलाय म्हटल्यावर अण्णांनी पेन खाली ठेवलं. ते ठेवणार हे मला ठाऊक होतं.

"कुठला?"

"थिंबल. तुम्ही लिहिलंय की वडील अंगठ्याने शिवायचे. ते कसं, हे मला काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. बोटाने ढकलतात ते कळतं. अंगठ्याने?"

"तुला नाही कळायचं. आजकाल कुणालाच नाही कळत." त्यांचा चेहरा चक्क उजळला. "ताई, सुई दे."

आपण रागावलोय हे ते विसरले होते. ताईने सुईत मेणाचा दोरा ओवून दिला आणि चळतीतली एक थैली पुढे केली. अण्णांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. न बघता, न शोधता. बाहेर काढला तेव्हा अंगठ्यात काळपट तपकिरी कातड्याची टोपी होती, झिजून मऊ झालेली.

त्यांनी थैली गुडघ्यांत आडवी धरली. चिठ्ठीची बाजू वर. डाव्या टोकाला गाठ मारली आणि अंगठ्याने सुई बाहेर ढकलायला सुरुवात केली. जे हात काल नुसता अंगठा चोळत होते ते आता संथ आणि नेमके चालत होते. टाक्यामागून टाका पडत गेला. प्रत्येक टाक्याशी टोपी कॅनव्हासवर घासत होती आणि पुसट तपकिरी ठिपका मागे राहत होता. शेवटी उजव्या टोकाला त्यांनी दोन टाके एकावर एक घातले आणि दोरा दातांनी तोडला.

"हे असं. ताईला शिकवायचा प्रयत्न केला होता लहानपणी. तिला नाही जमलं." त्यांनी थैली माझ्याकडे अभिमानाने फेकली. "आता पटलं?"

ती नवी शिवण मी बाराव्या थैलीशेजारी धरली आणि खोलीतल्या तिघांनी ती पाहिली. अण्णांनीही पाहिली. पण त्यांना दिसला तो फक्त वडिलांचा टाका.

सर्वांत आधी ताईला कळलं. तिचा हात तोंडावर गेला.

"अण्णा," मी म्हटलं, "ती गादी टोचतेय म्हणत होता ना? जरा उठता का, ताई नीट करून देईल."

भाच्याने त्यांना धरून उठवलं. ताईने गादी उचलली, पालथी केली. खालच्या बाजूला लांबलचक शिवण होती, डावीकडे गाठ, उजवीकडे दुहेरी टाके. ती गादी घेऊन आत गेली. मीही गेले.

तिने शिवण उसवली. कापसाच्या दोन थरांमध्ये बाराव्या थैलीची सगळी कार्डं होती, नीट रचलेली. आणि त्यांच्यावर वेगळी बांधलेली एक लहानशी चळत. तिच्यातल्या प्रत्येक कार्डावर एकच शब्द होता. थिंबल. पहिल्या कार्डावर अर्थ पुरा होता. चौथ्यावर फारसीचा उल्लेख नव्हता. सातव्यावर हँडल नव्हतं. पुढे ओळी तिरक्या होत गेल्या. चौदाव्यावर फक्त 'अंगठा' लिहिलं होतं, आणि खाली, 'बाबा'.

"ते कार्ड तर छापखान्यात होतं," मी कुजबुजले. "दोन महिन्यांपासून. ते विसरले. मंगळवारी एकदा बघावं म्हणून त्यांनी थैली उसवली असणार. ते सापडेना म्हणून परत लिहिलं. लिहिलं हे विसरून पुन्हा लिहिलं. आणि मग कधीतरी ही चौदा कार्डं एकत्र दिसली असतील त्यांना."

"घाबरले असतील," ताई म्हणाली. ती रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. "केवढे घाबरले असतील, मावशी. आणि मी वर्गावर होते."

म्हणून लपवलं सगळं. थैली रिकामी दिसू नये म्हणून कोरी कार्डं भरली, हाताला येत होतं तसं शिवलं, आणि दुसऱ्या दिवशी तेही विसरले. मेंदूतून गेलं ते हातात मात्र राहिलं होतं. मी काल त्या हातांसमोर बसले होते आणि चहाचं उत्तर दोनदा देऊन उठले. त्याची लाज मला अजून वाटते.

ताईने डोळे पुसले. चौदा कार्डांची चळत तिने पोलक्यात खोचली, उरलेली कार्डं दोन्ही हातांत घेतली आणि बाहेर आली.

"सापडली!" मालक ओरडले.

अण्णांनी कार्डांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "कुणी घेतली होती?"

भाच्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पावलावर जोरात पाय दिला. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं, बिचारा तसंही काही बोलणार नव्हता.

"कुणी नाही, अण्णा," ताई म्हणाली. "मीच ठेवली होती सुखरूप राहावीत म्हणून. आणि कुठे ठेवली तेच विसरले."

अण्णांनी तोच कातडी टोपीचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"मग सांगायचं नाही का गं, वेडे? दोन दिवस मी तुला काय काय बोललो." ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "विसरणं हा काही गुन्हा आहे का?"

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "नाहीच मुळी."

भाच्याने पाटीवरचा कागद उचलला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात टाकला. जाताना मला म्हणाला, "त्या कार्डातल्या चार ओळी परत घ्या. मी उगाच काढल्या."

कोश छापून झाला. थिंबलखाली त्या चार ओळी आहेत. उरलेल्या सहा थैल्यांची तोंडं अण्णांनीच शिवली, सगळ्यांची गाठ डावीकडे. प्रत्येक वेळी ताई शेजारी बसून दोरा ओवून द्यायची, आणि थैली शिवायच्या आधी कार्डं एकदा हळूच चाळून घ्यायची. शेवटच्या थैलीला मीही हजर होते. अण्णांनी मला चहा विचारला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा विचारला तेव्हाही नाही म्हटलं नाही. त्या दिवशी मी तीन कप चहा प्यायले आणि तासभर एका जागी बसून राहिले.